लय पळते

मंगळवार, ३ ऑगस्ट १९८२

डॉक्टर म्हणाले, एक वही ठेव. काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, पोटात कधी दुखलं, सगळं लिहीत जा आणि महिन्याभरानं दाखव. अल्सरची सुरुवात असावी असा त्यांना संशय आहे. लॉरेननं आमच्या लेकीच्या, शेलीच्या शाळेच्या सामानातली ही वही काढून दिली. वर घोड्याचं चित्र आहे. म्हणाली, "खाण्याबरोबर बाकीचंही लिही. पोटात सगळंच घालतोस तू." माझी बायको असं काहीतरी बोलते आणि पुन्हा इस्त्रीला लागते.

तर, सकाळी दोन टोस्ट आणि चहा. दुपारी सॉसेज रोल, वर टोमॅटो सॉस. चार वाजता दुखलं.

चार वाजता आम्ही सिडनीत, स्टुडिओत होतो. डॉक्टर हे वाचणार म्हणून सांगून ठेवतो. आमचा 'ईस्ट गेट' बँड अकरा वर्षांचा आहे. मॅक गाणी लिहितो आणि गिटार वाजवतो, टेझ गातो, लू ड्रमवर असतो, मी बेस गिटारवर. चौघंही पोर्ट केम्ब्लाचे. चौघांचे बाप तिथल्या पोलादाच्या कारखान्याच्या पूर्वेकडच्या फाटकातून कामाला जायचे, नाव तिथूनच आलं. दोन रेकॉर्डी देशात पहिल्या नंबरावर गेल्या. तिसरी अमेरिकेत निघायची आहे, म्हणून कंपनीनं तिकडचा प्रोड्यूसर आणलाय, हर्श नावाचा.

आज हर्शनं लूकडून एकच गाणं सतरा वेळा वाजवून घेतलं. दर वेळी काचेपलीकडून तेच. "लय पळते. पुन्हा." शेवटी लूनं काठ्या मांडीवर ठेवल्या आणि विचारलं, "कुठं पळते? कुठल्या ओळीत?"

"सगळीकडेच, थोडी थोडी," हर्श म्हणाला.

मला तसं ऐकू आलं नाही. अकरा वर्षं लूचा उजवा पाय आणि माझा अंगठा एकदम पडतात. मी मोजतसुद्धा नाही, नुसता त्याच्या खांद्याकडे बघतो. पण हर्शनं मोठमोठ्या लोकांची रेकॉर्डिंगं केली आहेत. त्याला कळत असेल.

मधल्या सुट्टीत मॅक बाहेर जिन्यात आला. "तुला काय वाटतं, नेव्ह? पळते का रे?"

"गाणी तुझी आहेत. तूच सांग."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं काडी ओढली, सिगारेट पेटवलीच नाही, काडी बोटापर्यंत जळू दिली आणि आत गेला. त्याच सुमाराला दुखायला लागलं. टोमॅटो सॉस बंद करावा.

शनिवार, ७ ऑगस्ट

उकडलेला बटाटा, दूध. दुखलं नाही. शेलीच्या नेटबॉलच्या मॅचला गेलो. हरल्या, पण शेली पडूनसुद्धा रडली नाही.

गुरुवार, १२ ऑगस्ट

व्हिक स्टॅन्टननं जेवायला बोलावलं, मला एकट्याला. व्हिक आमचा मॅनेजर. नऊ वर्षांत त्यानं मला असं एकट्याला कधी बोलावलं नव्हतं. मी भाजलेला मासा घेतला. त्यानं माझ्यासाठी आठवणीनं दूध मागवलं. बारीक लक्ष असतं त्याचं.

"नेव्ह," तो म्हणाला, "तुमच्यात डोकं ठिकाणावर असलेला माणूस एकच. टेझ तापट, मॅक हळवा. म्हणून तुझ्याशी बोलतोय. हर्श म्हणतो, ड्रमर बदला, नाहीतर मी निघालो. तो निघाला की अमेरिका गेली."

"लूला काढायचं?"

"मॅकचंही तेच मत आहे."

"तो तसं म्हणाला?"

"तोंडानं कसा म्हणेल? लहानपणापासूनचे मित्र तुम्ही. पण मला माणूस वाचता येतो रे. आता प्रश्न एवढाच, सांगायचं कुणी. मी सांगितलं तर धंद्याची गोष्ट होईल. तू सांगितलंस तर घरच्या माणसानं सांगितल्यासारखं वाटेल."

मी म्हटलं, आधी मॅकशी बोलतो. "जरूर बोल," व्हिक म्हणाला.

तिथून सरळ मॅककडे गेलो. गॅरेजमध्ये गिटारला नव्या तारा लावत बसला होता.

"व्हिक भेटला ना?" त्यानंच विचारलं. "मला म्हणाला, तुझंही तेच मत आहे."

"माझं मत म्हणजे, बँडचं भलं होईल ते."

"म्हणजे लू जावा?"

"तू म्हणशील तसं."

"मी तुला विचारतोय, नेव्ह."

"आणि मी तुला सांगतोय ना. तू म्हणशील तसं."

तो खुंटी पिळत राहिला. पिळता पिळता तार तुटली. "बरं मग," तो म्हणाला आणि तुटलेलं टोक बोटाला गुंडाळत बसला. म्हणजे त्याचं आधीच ठरलं होतं. व्हिकला माणसं कळतात हे खरं.

मासा पचला नाही.

रविवार, १५ ऑगस्ट

हे पान डॉक्टरांना दाखवायचं नाही.

लूचं घर क्रिंगिलाच्या चढावर, अगदी वर. त्याचं खरं नाव ल्युप्चो. आईबापांनी मॅसेडोनियाहून येताना आणलेलं ते नाव शाळेत कुणाला उच्चारता आलं नाही, म्हणून लू. मी पोचलो तेव्हा तो मागच्या अंगणात काँक्रीट ओतत होता. मला बघताच ओरडला, "बरा आलास! धर ते टोक, घट्ट व्हायच्या आत सपाट करायचंय."

मी चांगल्या बुटांनिशी त्यात गुडघे टेकले. लांब फळीचं एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. डावीकडे, उजवीकडे, थोडं मागे. डावीकडे, उजवीकडे, थोडं मागे. अर्धं अंगण झालं. फळी एकदाही अडखळली नाही. बोलायला जागाच सापडेना. मग बोललोच.

"एवढ्या रेकॉर्डपुरता दुसरा कुणीतरी घेणार आहेत. मग बघू."

"कशाला दुसरा?"

"ड्रमवर."

फळी थांबली नाही. डावीकडे, उजवीकडे.

"कोण म्हणतं?"

"हर्श."

"हर्श काल आला. मॅक काय म्हणतो?"

"मॅकचंही तसंच आहे."

"टेझ?"

"त्याला अजून सांगितलेलं नाही."

"आणि तू?"

"मी निरोप घेऊन आलोय, लू."

आता फळी थांबली. "निरोप ठेव बाजूला. माझ्या शेजारी तू उभा असतोस, हर्श नाही. तुला ऐकू येते का माझी लय पळताना? एवढंच सांग आणि जा."

मी म्हणालो, "हर्शला ऐकू येते."

त्यानं माझ्या हातातून फळीचं टोक काढून घेतलं. जोर केला नाही, हळूच घेतलं. "उरलेलं मी करतो," म्हणाला. एकट्यानं ती फळी ओढता येत नाही. तरी मी फाटकापर्यंत जाईस्तोवर तो ओढत होता.

फाटकात त्याच्या आईनं गाठलं. तिला काहीच माहीत नव्हतं. हातात कापडात बांधलेलं मातीचं भांडं, त्यात भाजलेल्या बीन्स. "न जेवता कुठं चाललास? बारीक किती झालायस!"

"मावशी, नको. घाई आहे."

"नको काय? टीव्हीवर दिसतोस तेव्हा मी सगळ्यांना सांगते, हा माझा दुसरा मुलगा."

घेतलं. उतार संपल्यावर गाडी कडेला लावली आणि बोटांनी सगळं खाल्लं, तळापर्यंत. संध्याकाळपर्यंत दुखत होतं. बीन्स वातूळच.

लॉरेननं विचारलं, "सांगितलंस?"

"सांगितलं."

"तो काय म्हणाला?"

"फारसं काही नाही."

"आणि तू काय म्हणालास?"

मी आंघोळीला गेलो.

गुरुवार, २ सप्टेंबर

डॉक्टरांकडे गेलो, वही घरी राहिली म्हणून सांगितलं. त्यांनी गोळ्या बदलल्या.

नवा ड्रमर मेलबर्नचा, ग्रॅहम पाईक. सभ्य माणूस, येताना स्वतःचा डबा आणतो. आज त्यानं दोनदा वाजवलं आणि हर्श म्हणाला, "झालं." एकही चूक नाही. भिंतीवरच्या घड्याळाशेजारी उभं राहून वाजवल्यासारखं वाटलं. मी सवयीनं त्याच्या खांद्याकडे बघत होतो. त्याचा खांदा हलतच नाही.

टेझला व्हिकनं सांगितलं होतं की लूनं स्वतःहून सोडलं. टेझनं दुपारी लूला फोन केला आणि स्टुडिओत परत आला तो सरळ माझ्यासमोर. टेझ सव्वासहा फूट आहे. मला वाटलं, आता मारतो.

"निरोप कुणी नेला? तू?"

"कुणीतरी न्यायलाच हवा होता."

"वा रे पोस्टमन!" तो म्हणाला. "पत्रात काय लिहिलंय ते तरी वाचलंस का, का नुसतंच टाकून आलास?"

मॅक कोपऱ्यात बुटाची नाडी बांधत होता. पुष्कळ वेळ बांधत होता.

शनिवार, ३० ऑक्टोबर

न्यूकॅसल. हॉल खच्चून भरला होता. तिसऱ्या गाण्यानंतर मागून कुणीतरी ओरडलं, "लू कुठाय?" मग आणखी चारपाच जण. मग सगळा हॉल टाळ्यांच्या ठेक्यावर, "लू! लू! लू!" बिचारा पाईक खाली बघत बसला.

टेझ माईकमध्ये म्हणाला, "मला नका विचारू, पोस्टमनला विचारा," आणि माझ्याकडे बोट केलं. लोकांना काही कळलं नाही, पण हसले. बिअरचा एक डबा आला तो माझ्या खांद्याला लागला. अर्धा भरलेला होता.

नंतर टेझनं उरलेले दोन तास प्रेक्षकांकडे पाठ करून गायलं. गायला मात्र असा की अंगावर काटा यावा. मॅकनं ऑगस्टपासून एकही नवं गाणं लिहिलेलं नाही. मी म्हटलं, व्हिटॅमिनच्या गोळ्या घेऊन बघ. तो हसला आणि म्हणाला, "तू खरंच चांगला माणूस आहेस, नेव्ह." बरं वाटलं.

बुधवार, १७ नोव्हेंबर

लॉरेनचा भाऊ वेन याला कारखान्यातून काढलं. सगळ्या गावात कपात चालू आहे, गल्लीत एक घर सुटलेलं नाही. सासऱ्यांकडे जेवायला गेलो. भाजलेलं मटण, भोपळा. मी भोपळाच खाल्ला.

वेन सांगत होता, फोरमन प्रत्येकाच्या हातात पाकीट देत गेला, डोळे वर न करता. सासरे चाळीस वर्षं तिथं क्रेनवर होते. म्हणाले, "यादी काही त्यानं केली नव्हती. वाटली मात्र त्यानंच. आता तो दुकानात आला की लोक रांग बदलतात."

मी म्हणालो, "कुणीतरी वाटायलाच हवी ना? त्या माणसाचा काय दोष?"

लॉरेननं वाढता वाढता चमचा भांड्यात ठेवला. सासरे माझ्याकडे बघत राहिले, मग मिठाची बाटली इकडची तिकडे केली. मी एवढं वाईट काय बोललो ते कळलं नाही. घरी येताना गाडीत लॉरेन खिडकीतून बाहेर बघत होती.

गुरुवार, २० जानेवारी १९८३

ॲडलेड. बेचाळीस डिग्री. मोटेलच्या अंगणात अनवाणी पाऊल ठेवता येत नाही.

गेल्या आठवड्यात टेझनं पाईकच्या थोबाडीत दिली. कारण काय, तर पाईक म्हणाला, "सूर थोडा खाली लागतोय." आज सकाळी व्हिक माझ्या खोलीत आला. पुढच्या महिन्यात रेकॉर्ड अमेरिकेत निघतेय, कंपनीला हा दारुडा पुढं करायचा नाही. कुणीतरी तरुण हवा. "मॅकही कंटाळलाय त्याला."

"तो म्हणाला तसं?"

"चेहरा बघितलास ना त्याचा?"

चेहरा मी बघितला होता. कंटाळल्यासारखाच होता.

बर्फाच्या यंत्रापाशी मॅक भेटला. बादली भरून वाहत होती तरी त्याचा हात बटणावरच. "व्हिक म्हणतो, तू सांगणार आहेस टेझला."

"तुला हवं असेल तर."

"तू नाही म्हणालास तर?"

"मी कशाला नाही म्हणू?"

"नाही, म्हणजे समज म्हणालास. तर काय होईल?"

बिचारा किती धास्तावला होता! मी त्याच्या पाठीवर थाप मारली. म्हटलं, "तू काळजी करू नकोस. आयत्या वेळी मागे हटणारा माणूस नाही मी." तो बर्फाची बादली तिथंच सोडून गेला.

टेझ मोटेलच्या पोहण्याच्या तलावात होता. मी काठावर उभा, पायात बूट.

"टेझ, जरा बोलायचं होतं."

तो पाण्याखाली गेला. पार पलीकडच्या टोकाला वर आला. मी चालत तिकडे गेलो.

"कंपनीचं म्हणणं असं आहे की—"

पुन्हा खाली. पुन्हा अलीकडे. असं तीनदा केलं त्यानं. आजूबाजूला लोक बसलेले, एक बाई तर हसायला लागली. शेवटी तो काठाला कोपर टेकून थांबला. धापा टाकत होता.

"आज माझं पत्र ना, पोस्टमन?"

"हो."

"मॅक कुठाय?"

"खोलीत. झोपलाय."

टेझनं माझ्या मागं, मॅकच्या सात नंबरच्या खिडकीकडे बघितलं. मग हात वर करून त्या खिडकीला टाटा केला. मी वळलो तेव्हा पडदा नुसता हलत होता. एसीचा वारा असेल.

"लू गेला त्याच दिवशी मी निघायला हवं होतं," टेझ म्हणाला. "पाच महिने जास्त राहिलो, त्याची लाज वाटते. बाकी कशाची नाही."

"तुझा राग माझ्यावर आहे का?"

"तुझ्यावर?" त्यानं नाकातलं पाणी शिंकरलं. "तू घाबरू नकोस. तुला नाही काढणार कुणी. पत्रं वाटायला माणूस लागतोच."

हे ऐकून खरं तर बरं वाटायला हवं होतं. दुपारी काही खाल्लं नव्हतं. तरी दुखलं.

सोमवार, १४ मार्च

नवा गायक डॅरिल, बावीस वर्षांचा. टेझसारखाच घसा खरखरवतो, आमच्या रेकॉर्डी ऐकून ऐकून घरीच शिकला म्हणे. टेझची गाणी टेझच्या आवाजात, आणि समोर भलताच चेहरा. ब्रिस्बेनला हॉल अर्धा होता, टाउन्सव्हिलला त्याहून कमी. अमेरिकेत रेकॉर्ड निघाली आणि कुणाच्या कानावरही गेली नाही. हर्श व्हिकचा फोन घेत नाही.

स्टेजवर मी मधेच डोळे मिटून बघितलं. वाटलं, निदान मॅक तरी आहे. मग डोळे उघडले. मॅक माझ्याकडेच बघत होता, पण रेल्वेच्या फलाटावर उभं राहून बघावं तसा.

गुड फ्रायडे, १ एप्रिल

सकाळी मॅक आला. लॉरेन आणि शेली चर्चला गेल्या होत्या. मी बन गरम करून लोणी लावून त्याच्यापुढे ठेवला. त्यानं हात लावला नाही.

"मी सोडतोय," तो म्हणाला.

मला आधी वाटलं, सिगारेट. म्हटलं, फार छान.

"बँड सोडतोय, नेव्ह."

मी बसलो. म्हणालो, "अरे, आता तर सगळं तुझ्या मनासारखं झालंय."

"माझ्या मनासारखं?" त्याचा आवाज चिरकला. "लूला काढावं असं मी कधी म्हणालो? टेझला काढ असं कधी म्हणालो? एक वाक्य सांग माझं. एकच सांग!"

मी आठवू लागलो. ही वहीसुद्धा आणून बघितली, त्याच्यासमोर. पानं उलटली. त्याचं तसं वाक्य कुठंच नव्हतं.

"व्हिक म्हणाला, तुला हवंय," मी म्हणालो.

"आणि मला म्हणाला, नेव्हला हवंय. म्हणून तर मी तुला विचारत होतो. एकदा जिन्यात विचारलं, एकदा गॅरेजमध्ये, मग त्या मोटेलवर. तीनदा विचारलं, लेका! तू फक्त नाही म्हणायचं होतंस. एकदा तू नाही म्हणाला असतास तर मीही म्हणालो असतो. एकट्यानं म्हणायची माझ्यात हिंमत नव्हती."

"मग तू आधी का नाही म्हणालास?"

"मी भित्रा आहे. मला ते माहीत आहे, सातवीपासून माहीत आहे. पण तू तसा नाहीस असं मला वाटायचं." तो उठला. "तू इतका शांत असायचास. मला वाटायचं, याला सगळं कळतंय, योग्य वेळ आली की हा बोलेल."

दारापर्यंत गेला आणि परत आला. आता मिठी मारेल असं वाटलं. त्यानं टेबलावरच्या आपल्या किल्ल्या उचलल्या.

तो गेल्यावर वही पहिल्यापासून वाचली. दुखलं ते प्रत्येक वेळी काय खाल्ल्यावर, ते बघायला बसलो होतो. मग नुसतंच वाचत गेलो. चर्चमधून लॉरेन आली तेव्हा मी तसाच बसलेलो. तिनं मॅकचा बन बघितला, माझ्याकडे बघितलं आणि शेलीला खेळायला बाहेर पाठवलं.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"मला वाटलं, तुलाही माहीत आहे," लॉरेन म्हणाली. "मला वाटलं, माहीत असून करतोयस. म्हणून तर तुझ्याशी बोलवत नव्हतं."

मंगळवार, ५ एप्रिल

व्हिकचा फोन. आवाजात लोणी. "मॅक गेला तर जाऊ दे. नाव आपल्याकडे आहे, गाणी वाजवायचा हक्क आहे. एक फार हुशार गिटारवाला बघून ठेवलाय. चाळीस कार्यक्रम ठरलेत. आता 'ईस्ट गेट' म्हणजे तू, नेव्ह. मूळचा माणूस."

मी फोनची वायर हाताला गुंडाळली होती. रंगीत तालीम केली होती सकाळपासून.

"नाही," मी म्हणालो.

"काय नाही?"

"मी येणार नाही, व्हिक. आणि लूची लय कधीच पळत नव्हती. हर्शला काही कळत नव्हतं. मला आणि मॅकला तू खोटं सांगितलंस."

वाटलं होतं, तो आरडाओरडा करेल, गयावया करेल, निदान विचारेल तरी. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"ठीक आहे," व्हिक म्हणाला. "शुक्रवारपर्यंत बघतो बेसवाला. तब्येतीला जप."

पुरतं मिनिटभरही लागलं नाही. अकरा वर्षांतलं माझं पहिलं 'नाही', आणि त्यानं कुणाचं काही अडलं नाही. ऑगस्टात त्याच एका शब्दावर चार माणसं अडली होती.

रविवार, ५ जून

दोन महिने काही लिहिलं नाही. वॉरावाँगला वाद्यांच्या एका दुकानात मी आठवड्यातले चार दिवस शिकवायला जातो.

आज दुपारी वुलनगाँगच्या शोग्राउंडवर 'ईस्ट गेट'चा कार्यक्रम होता. आमच्याच गावात, आमच्यातलं कुणीही नसताना. लॉरेन म्हणाली, जाऊ नकोस. गेलो. तिकीट काढलं आणि मागच्या कुंपणापाशी उभा राहिलो.

पोरं वाईट वाजवत नव्हती. हेच सोसवेना. कपातीत घरी बसलेले लोक बायकापोरांना घेऊन आले होते, चिप्स खात होते, गाणी म्हणत होते. माझ्या जागेवरचा मुलगा एका गाण्यात नको तिथं एक सूर घालत होता. कुणाला काही कळलं नाही. कळण्यासारखं काही नव्हतंच.

डावीकडे बघितलं तर दहा पावलांवर लू. चुलतभावाची पावाची गाडी चालवतो आता, तिचीच टोपी डोक्यावर. त्यानं मला आधीच पाहिलं असावं. दोन गाणी आम्ही तसेच उभे होतो. मग तो कुंपणाला धरून चार पावलं इकडे आला, मी चार पावलं तिकडे गेलो.

"ड्रमवर पोरगा बरा आहे," तो म्हणाला.

"हो."

"दुसऱ्या कडव्यात पळतो जरा."

"पळतो." मग एका दमात म्हणालो, "तू कधीच पळत नव्हतास, लू."

तो स्टेजकडेच बघत होता. "ते मला तेव्हाही माहीत होतं. मला ते तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. आता त्याचं मी काय करू?"

"मला वाटलं, मलाही काढतील."

"काढलं असतं," लू म्हणाला. "मग दोघं बरोबर गेलो असतो."

तो घड्याळ बघून म्हणाला, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, तिला इस्पितळातून घरी न्यायचंय. मी मावशींना भेटायला येऊ का विचारलं. तो म्हणाला, "तुझ्या मनाला विचार. मला विचारू नकोस," आणि गर्दीतून वाट काढत गेला. राग नव्हता बोलण्यात. असता तर बरं झालं असतं.

सोमवार, ६ जून

सकाळी क्रिंगिलाला गेलो. या वेळी मला कुणी पाठवलं नव्हतं. लू कामावर गेला होता. मावशी स्वयंपाकघरात खुर्चीवर, एका डोळ्याला पट्टी. माझा आवाज ऐकताच दोन्ही हात पुढे केले.

"आलास! दहा महिने झाले. माझ्यावर रागावलास ना?"

"मी कशाला रागावू, मावशी?"

"ल्युप्चोवर रागावलास म्हणजे माझ्यावरही आलंच." तिनं माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. "मी त्याला फार बोलले रे. म्हटलं, तो नेव्ह तुझ्यासाठी एवढा चढ चढून आला, चिखलात गुडघे टेकून तुला विनवत होता, बँड सोडू नकोस म्हणून. आणि तू ऐकलं नाहीस? असा मित्र पुन्हा मिळेल का तुला?"

मला समजेना. "असं कोण म्हणालं?"

"तोच. त्याच संध्याकाळी सांगितलं त्यानं. म्हणाला, 'आई, मीच सोडलं, माझंच डोकं फिरलं होतं. नेव्हनं फार धरलं मला. त्याला बोल लावू नकोस, घरी आला तर पहिल्यासारखीच वाग.'" पट्टीच्या खालून पाणी आलं, तिनं ते डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं टिपलं. "तू आला होतास ना त्याला अडवायला? मी खिडकीतून बघितलं होतं तुम्हाला दोघांना."

खाली कारखान्याचा भोंगा झाला. तिनं धरलेला हात मी हळूच सोडवून घेतला.

"नाही, मावशी," मी म्हणालो.